ऑस्ट्रेलियातले साप, सरडे, घोरपडी, मगरी आणि कासवं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची चिपळूणची, गेली अकरा वर्षं ब्रिस्बेनला. इथे नवीन आलेली मराठी मंडळी भेटली की चहा संपायच्या आत सापांचा विषय निघतोच, आणि तिकडून आईचा फोन आला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जनावर दिसलं का गं अंगणात?" (आमच्याकडे अजूनही साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात.) तीच तीच उत्तरं इतक्या वेळा दिलीत की आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मला हे प्राणी मनापासून आवडतात, त्यामुळे काही उत्तरं लांबतील.

ऑस्ट्रेलियात सरपटणारे प्राणी आहेत तरी किती?

हजाराहून जास्त जाती. आणि त्यातल्या दहातल्या नऊ जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. मोठे प्राणी बघायला लोक आफ्रिकेला जातात ना, तसं सरडे, सापसुरळ्या, घोरपडी बघायच्या असतील तर या खंडाला तोड नाही. पण बाहेर नाव झालं फक्त सापांचं. खरं तर साप इथे अल्पसंख्य आहेत, नुसत्या सापसुरळ्याच साडेचारशेच्या आसपास जातींच्या आहेत, म्हणजे सगळे साप एकत्र धरले तरी त्यांच्या साधारण निम्मेच भरतात.

पण एवढे का? मधे तर सगळं वाळवंटच आहे ना?

वाळवंट आहे म्हणूनच. आपल्याला वाटतं झाडी दाट तिथे जीव जास्त, आणि पक्षी बेडूक यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे, पण सरड्याचं गणित वेगळं. तो अंगातली ऊब उन्हातून घेतो, त्यासाठी त्याला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून त्याच वजनाच्या उंदराला जेवढं खायला लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर त्याचं भागतं. इथली माती जुनी आणि निकस, पावसाचा भरवसा नाही, दोन-दोन तीन-तीन वर्षं कोरडी जातात, अशा जागी कमी खाणाराच टिकतो.

त्यात आतल्या भागात स्पिनिफेक्स नावाचं गवत आहे. गोल पुंजके, पानं सुईसारखी टोचरी, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. ते गवत वाळवी खाते, वाळवी सरडे खातात, सरड्यांना मोठे सरडे आणि साप खातात, आणि सगळ्यांना लपायला तोच पुंजका. एरिक पियांका नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६० च्या दशकापासून ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंटात येऊन सरडे मोजायचे, त्यांना एकेका जागी चाळीसहून जास्त जातींचे सरडे सापडले. कोणी दिवसा फिरतो, कोणी रात्री, कोणी फक्त पुंजक्याच्या आत, कोणी पुंजक्यांमधल्या मोकळ्या वाळूत, त्यामुळे एवढे असूनही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

आणि एकटेपणा हेही कारण. भारत आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी गोंडवनाच्या एकाच भूभागात होते. आपण जाऊन आशियाला धडकलो, हा खंड मात्र अंटार्क्टिकापासून सुटल्यावर कोट्यवधी वर्षं एकटाच समुद्रात, अजूनही वर्षाला सुमारे ७ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतोय. काही घराणी गोंडवनातूनच इथे आली, काही नंतर आशियाच्या बाजूने बेटाबेटांवरून, पण आल्यावर सगळ्यांना अख्खा खंड मोकळा मिळाला.

जगातले सगळ्यात विषारी साप तिकडेच आहेत, मग तुम्ही राहता कसे?

हा प्रश्न नंबर एक. उत्तर आकड्यात देते. ऑस्ट्रेलियात साप चावून वर्षाला सरासरी दोनेक माणसं दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे मी चिपळूणला अनवाणी परसात जायचे तेव्हा कितीतरी जास्त धोक्यात होते.

विष किती जहाल हे प्रयोगशाळेत उंदरांवर मोजतात. माणूस मरतो की वाचतो हे ठरतं हॉस्पिटल किती लांब आहे, पायात बूट आहेत का, रात्री जमिनीवर झोपतो का, धान्यापाशी उंदीर किती आहेत यावर. आपल्याकडे पान लागतं, म्हणजे साप चावतो, ते बहुतेक करून शेतात राबणाऱ्या माणसाला, आणि गाडी मिळेपर्यंत तास जातो. ते चित्र बदलायला हवं असं मला फार वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या सापांना घाबरून ते बदलणार नाही.

तो सगळ्यात जहाल विषाचा इनलँड तायपान म्हणतात तो कुठे असतो?

तुम्हाला दिसणार नाही. क्वीन्सलँडचा नैऋत्य कोपरा आणि त्याला लागून असलेला दक्षिण ऑस्ट्रेलियाचा भाग, भेगा पडलेली काळी जमीन, मैलोन्‌मैल वस्ती नाही. तो त्या भेगांमधे राहतो आणि उंदीर खातो. १८७९ मध्ये त्याची पहिली नोंद झाली, मग इतकी वर्षं कोणाला दिसलाच नाही की विस्मरणात गेला, १९७२ मध्ये पुन्हा सापडला. थंडीत अंगाचा रंग गडद करतो, ऊन जास्त शोषायला. स्वभावाने लाजाळू. त्याचे जे काही चावे झालेत ते जवळपास सगळे साप हाताळणाऱ्यांनाच.

शहराच्या आसपास काळजी घ्यायची ती ईस्टर्न ब्राउनची. सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू त्याच्यामुळे आणि त्याच्या जवळच्या जातींमुळे होतात, कारण तो शेतात, वस्तीजवळ, उंदरांमागे येतो. आपल्या धामणीसारखा सडपातळ आणि चपळ, म्हणून आपली माणसं फसतात. तपकिरी साप दिसला की धामण असेल म्हणून जवळ जाऊ नका.

आणि चावलाच तर? भारतातलेच उपाय करायचे का?

नाही, आणि हे नीट वाचा. इथे माणसाच्या जिवाला धोका असलेले विषारी साप जेवढे आहेत ते सगळे आपल्या नाग-मण्यारच्या घराण्यातले. अशा विषाला शरीरात पसरायला वेळ लागावा म्हणून इथे पद्धत आहे ती दाबपट्टीची. जिथे चावलंय तिथे रुंद इलॅस्टिक बँडेज घट्ट, मग बोटांपासून वरपर्यंत अख्खा हात किंवा पाय गुंडाळायचा, काठी बांधून स्थिर करायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि ट्रिपल झिरो म्हणजे ००० ला फोन. जखम धुवायची नाही, कारण कातडीवर राहिलेल्या विषावरून हॉस्पिटलमध्ये साप कुठल्या गटातला ते तपासता येतं. चिरायचं नाही, चोखायचं नाही. आमच्या गाडीत दोन बँडेज कायम असतात, तुम्हीही ठेवा, केमिस्टकडे मिळतात.

भारतात मात्र ही घट्ट पट्टी करू नका. तिथे घोणस आणि फुरसं आहे, त्यांच्या विषाने चावल्या जागीच मांस सडतं, ते विष एका जागी कोंडलं तर हात-पाय गमवायची वेळ येते. तिथे हालचाल बंद आणि सरळ सरकारी दवाखाना.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९५० च्या जुलैत केव्हिन बडन नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने केर्न्सजवळ जिवंत तायपान (वरचा इनलँड नव्हे, किनाऱ्याकडचा) पकडला, कारण प्रतिविष बनवायला विष हवं होतं. पकडताना चावला. दुसऱ्या दिवशी तो गेला, पण साप मारू नका, मेलबर्नला पाठवा हे त्याने सांगून ठेवलं होतं. तो साप पोचला, त्याचं विष काढलं गेलं, आणि १९५५ मध्ये तायपानवरचं प्रतिविष तयार झालं. आज उत्तरेत तायपान चावून जो वाचतो त्यात त्या मुलाचा वाटा आहे.

मग तिकडे घोणस, फुरसं नाहीच?

एकही नाही, ते घराणंच इथे पोचलं नाही. पण गंमत बघा, घोणशीची जागा रिकामी होती ती नाग-मण्यारच्याच एका नातेवाइकाने घेतली, डेथ अ‍ॅडर. आखूड, जाडजूड, त्रिकोणी डोकं, पालापाचोळ्यात निपचित, आणि शेपटीचं टोक अळीसारखं वळवळवून सरड्याला जवळ बोलावतो. दिसायला हुबेहूब घोणस-फुरशाच्या जातकुळीतला, पण नात्याने नाग.

छपरावर अजगर बसतो हे खरं आहे?

ब्रिस्बेनमध्ये अगदी रोजची गोष्ट. कार्पेट पायथन, दोन-तीन मीटर लांब, अंगावर गालिच्यासारखी नक्षी, बिनविषारी. आमच्या शेजारच्या आजींच्या माळ्यावर एक आहे, त्या म्हणतात तो आल्यापासून वर उंदरांचा आवाज बंद झालाय आणि आता तो गेला तर मला चुकल्यासारखं होईल. ऑगस्टात थंडी ओसरायला लागली की तो सकाळी कौलांवर पसरतो, मी कपडे वाळत घालताना बघते, ऊन जसं सरकतं तसं त्याचं एकेक वेटोळं सरकतं, घाई नाही काही नाही. घरात मांजर, कोंबड्या, ससा असेल तर मात्र रात्री बंदोबस्त नीट हवा.

स्वतः पकडायला जाऊ नका. परवाना असलेले स्नेक कॅचर असतात, फोन केला की येतात. आणि मारायचा तर विचारच नको, इथे सगळ्या स्थानिक सापांना कायद्याचं संरक्षण आहे.

पाय नाहीत, वळवळतंय, तरी तुम्ही म्हणता साप नाही. मग काय आहे?

बिनपायाचा सरडा. तोही पालींच्या घराण्यातला! चाळीसहून जास्त जाती, जवळपास सगळ्या ऑस्ट्रेलियातच. ओळखायचं कसं, तर बऱ्याच जातींच्या डोक्याच्या बाजूला कानाचं छिद्र दिसतं, सापाला ते कधीच नसतं. जीभ मांसल आणि सपाट, दुभंगलेली नाही. आणि शेपूट धडापेक्षाही लांब, पालीसारखी तुटते. बिचारे साप समजून फावड्याखाली जातात. कोणीही कानाचं छिद्र शोधायला वाकू नका अर्थात, लांबूनच सोडून द्या, म्हणजे साप असला तरी तुम्ही वाचलात आणि सरडा असला तरी तो वाचला.

अंगणात हातभर लांब, जाडजूड सापसुरळी आहे आणि निळी जीभ काढते. विषारी आहे का?

अजिबात नाही! ब्लू टंग म्हणतात तिला, आणि ती तुमच्याकडे राहायला आली असेल तर बाग चांगली आहे असं समजा. गोगलगायी, किडे, पडलेली फळं, फुलं सगळं खाते. घाबरली की तोंड उघडून ती निळीजर्द जीभ बाहेर काढते, शिकारी पक्षी क्षणभर दचकतो, तेवढ्यात ती सटकते.

आमच्याकडे कचऱ्याच्या डब्यामागे एक मादी राहायची. फेब्रुवारीतली दुपार होती, मी पाणी घालायला गेले तर तिच्याभोवती छोटी छोटी पिल्लं, बोटभर लांब, आईसारखीच पट्टेरी. ही अंडी घालत नाही, शंभरेक दिवस पोटात वाढवून जिवंत पिल्लं देते. एक पिल्लू माझ्या चपलेपाशी येऊन थांबलं, माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि करंगळीच्या नखाएवढी निळी जीभ दाखवली. जन्मून काही तासच झाले असतील. दोन-तीन दिवसांत सगळी आपापल्या वाटेने गेली, आई काही शिकवत नाही, त्यांना सगळं येतंच.

त्याच घराच्या मागच्या बाजूला कोणीतरी गोगलगायी मारायचे निळे-हिरवे दाणे टाकले, आणि ते खाल्लेल्या गोगलगायी तिने खाल्ल्या. ती मेलेली मीच उचलली. कळकळीने सांगते, ते दाणे आणू नका. बिअर ओतलेली बशी संध्याकाळी ठेवा, गोगलगायी त्यात पडतात.

तिचीच एक बहीण आहे शिंगलबॅक, दक्षिणेकडच्या कोरड्या भागात, खवले पाइनच्या कोनासारखे, शेपूट डोक्यासारखं बुटकं, त्यात चरबी साठवते. तिची खासियत म्हणजे जोडीदार. वर्षभर एकटे फिरतात आणि वसंतात तीच जोडी पुन्हा एकत्र येते, दक्षिण ऑस्ट्रेलियात काही जोड्या वीसहून जास्त वर्षं अशा एकमेकांकडे आलेल्या नोंदल्यात. म्हणून रस्त्यावर एक गाडीखाली गेला तर दुसरा शेजारी थांबलेला दिसतो. ते बघवत नाही.

गोआना म्हणजे आपली घोरपडच का?

हो, सख्खं घराणं. तानाजीच्या गोष्टीतली यशवंती आठवा. जगात ऐंशीच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या तीसेक एकट्या ऑस्ट्रेलियात. एका टोकाला पेरेंटी, अडीच मीटरपर्यंत, आणि दुसऱ्या टोकाला वीतभर लांबीची बुटकी घोरपड जी स्पिनिफेक्सच्या पुंजक्यात राहते. कोमोडो ड्रॅगनसुद्धा याच कुळातला, त्याची जीवाश्म हाडं क्वीन्सलँडमध्ये सापडलीत.

आमच्या बाजूला दिसते ती लेस मॉनिटर, पिकनिकच्या बाकाखाली फिरते. ती अंडी घालते वाळवीच्या वारुळात. भिंत फोडून आत अंडी, मग वाळवीच ते भगदाड बुजवते, आत वर्षभर एकसारखी ऊब आणि दमटपणा. आणि उत्तरेकडची यलो स्पॉटेड घोरपड तर जमिनीत स्क्रूसारखं गोल गोल बीळ खणत तीन मीटर खोल जाते आणि तिथे अंडी ठेवते. आपल्याकडे घोरपडीचं मांस आणि तेल याच्या नावाखाली जे चालतं ते आठवलं की वाईट वाटतं, तिला भारतातही कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे.

इथल्या मूळ रहिवाशांसाठी मात्र घोरपड हे हजारो वर्षांचं अन्न आहे, गोष्टींमधे, चित्रांमधे आहे, आणि कुठली कुठल्या ऋतूत कुठे सापडते हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत नाही.

तो काटेरी सरडा पायाने पाणी पितो म्हणतात, काहीतरीच ना?

काहीतरी नाही, खरंच. थॉर्नी डेव्हिल. त्याच्या खवल्यांच्या मधे केसाएवढ्या बारीक खाचा आहेत, सगळ्या तोंडाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या. ओल्या वाळूत उभा राहिला की पाणी त्या खाचांतून आपोआप वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, आणि तो तोंड हलवून गिळतो. खातो फक्त मुंग्या, एकेक करून, दिवसाला हजारोंनी. मानेवर एक खोटं डोकं आहे, धोका वाटला की खरं डोकं खाली घालतो.

इथल्या घरातली पाल आपल्या घरातल्यासारखीच का वाटते?

कारण ती आपल्याकडे असते तीच आहे. एशियन हाउस गेको, जहाजांच्या सामानातून आली, ब्रिस्बेनमध्ये १९८० च्या दशकात पसरली. ट्यूबलाइटपाशी बसून चुकचुकते. पहिल्या वर्षी घरची फार आठवण यायची तेव्हा तो आवाज ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण ती इथली नाही, इथल्या पालींची जागा बळकावते. इथली स्वतःची पाल बघायची तर सिडनीची लीफ टेल्ड गेको बघा, शेपूट पानासारखी चपटी, खडकावर बसली की खडकच.

मगरींचं काय? पोहायचं की नाही?

ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्नला मगरी नाहीत. ग्लॅडस्टनच्या वर उत्तरेला आणि पश्चिमेला ब्रूमपर्यंत त्यांचा मुलूख, तिथे पाटी असो नसो पाण्याच्या काठी उभंही राहायचं नाही.

दोन जाती. फ्रेशी अरुंद तोंडाची, गोड्या पाण्यातली, सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. सॉल्टी मोठी, नर सहा मीटरपर्यंत, आणि नाव खाऱ्या पाण्याचं असलं तरी नदीत कितीही आत जाते, इथेच लोक फसतात. आमच्या वाशिष्ठीतल्या मगरी वेगळ्या, त्या इंग्रजीतही 'मगर' म्हणतात त्या जातीच्या. सॉल्टी भारतात ओडिशाच्या भितरकनिकात, सुंदरबनात आणि अंदमानात आहे. कातड्यासाठी इथे इतकी शिकार झाली की नॉर्दर्न टेरिटरीत तीनेक हजारच उरल्या असा अंदाज होता, १९७१ मध्ये तिथे संरक्षण दिलं, आज एक लाखाच्या घरात आहेत. त्याची किंमत म्हणून तिथले लोक नदीत पोहणं सोडून देतात, आणि मला ते फार मोठ्या मनाचं वाटतं.

केन टोडचा याच्याशी काय संबंध?

फार. उसातले भुंगे खातील म्हणून १९३५ मध्ये हे विषारी टोड (बेडकाचाच प्रकार) क्वीन्सलँडमध्ये आणून सोडले. भुंगे काही खाल्ले नाहीत, पसरले मात्र खंडाच्या उत्तरेला आणि पूर्वेला दूरवर. घोरपड, साप, फ्रेशी यांना त्या विषाची सवय नाही, एक टोड तोंडात घेतला की संपलं. काही ठिकाणी घोरपडींची संख्या दहात एकावर आली. आता शास्त्रज्ञ टोड पोचायच्या आधीच छोटे, कमी विषाचे टोड घोरपडींना खायला देतात, त्या आजारी पडतात, मरत नाहीत, आणि पुढे मोठा टोड आला की तोंड फिरवतात. हा प्रयोग चाललाय आणि काम करतोय.

काही जाती कायमच्या गेल्या का?

गेल्या. ख्रिसमस बेटावरची एक सापसुरळी, शेवटची मादी गंप नावाची, मे २०१४ मध्ये पिंजऱ्यात मेली. तिथे बाहेरून आलेला साप आहे तो आपल्या कवड्याच्या जवळचा, त्याच्यावर बराचसा संशय आहे.

पण उलटंही घडतं. पिग्मी ब्लू टंग कायमची गेली असं सगळे धरून चालले होते. १९९२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात बरा नावाच्या गावाजवळ गाडीखाली मेलेला एक ब्राउन साप कोणीतरी उघडून बघितला, तर पोटात ती. मग शोधली आणि सापडलीही, कोळ्यांच्या जुन्या बिळांत, दारातून डोकं बाहेर काढून बसलेली.

पाळता येतात का?

परवाना घेऊन, तोही प्रजनन केंद्रातला प्राणी. बागेतला पकडून ठेवणं गुन्हा. आणि देशाबाहेर नेण्याचं तर कोणी सुचवलं तरी सरळ तक्रार करा, शिंगलबॅक मोज्यांत गुंडाळून पार्सलने पाठवतात, कितीतरी वाटेत मरतात.

पाहुणे येणार आहेत, एकच गोष्ट दाखवायची तर काय?

बुंडाबर्गजवळचं मॉन रेपो, नोव्हेंबर ते मार्च. लॉगरहेड कासवं तिथे अंडी घालतात, जानेवारीपासून पिल्लं निघतात. जगातल्या सात समुद्री कासवांपैकी सहा या पाण्यात आहेत, त्यातलं फ्लॅटबॅक तर अंडी घालायला ऑस्ट्रेलिया सोडून कुठेच जात नाही. वाळू तापली की माद्याच जास्त जन्मतात, ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची तरुण पिढी जवळपास सगळी माद्यांची आहे असं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे मॉन रेपोला काही घरटी सावलीत हलवतात.

मागच्या वर्षी बाबांना नेलं. त्यांनी वेळासचा कासव महोत्सव बघितलेला, त्यामुळे त्यांना वाटलं तेच असेल. बुकिंग आधी करावं लागतं, रात्री रेंजरबरोबर जायचं, मोबाइल बंद. अंधारात वाळू हलली, एक डोकं आलं, मग वीस-पंचवीस, आणि रेंजरने आमच्यातल्या काहींना पाय फाकवून ओळीत उभं केलं, हातात टॉर्च खाली धरून, म्हणजे पिल्लं उजेडामागे पाण्याकडे जातील. बाबा सत्तर वर्षांचे, गुडघे दुखतात, तरी अर्धा तास तसेच उभे होते, आणि पिल्लं त्यांच्या पायांमधून समुद्राकडे जात होती.